आधी टायर, मग फ्लेअर

फेंडर फ्लेअर म्हणजे चाकाच्या कमानीवर बाहेरून बसणारी रुंद पट्टी. गाडीच्या तयारीत तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागायला हवा. चेन्नईत जनरल पॅटर्स रोडवरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांपुढे मात्र नेमकं उलट चाललेलं दिसतं. गाडी नवी कोरी, टायर कंपनीचेच, सस्पेन्शनला हात लागलेला नाही, आणि मालक मोठाल्या बोल्टांचे काळे फ्लेअर चढवून घेतोय. गाडी रुंद दिसते, फोटो चांगला येतो. पुढे कधी तरी तो मोठे टायर घेतो आणि तेव्हा लक्षात येतं की पट्टी एक तर टायरला पुरत नाही, नाही तर वळणावर त्याला घासते. मग दुसरा जोड, नवी भोकं, आणि जुन्या भोकांतून सुरू झालेला गंज.

चेन्नईत नोकरीधंद्यानिमित्त राहणारी मराठी माणसं थोडी नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे थार, जिम्नी, गुरखा किंवा सांभाळून ठेवलेली जिप्सी असते. थारचं तर दोन्हीकडे नातं आहे. ती बनते नाशिकला, आणि तिच्या अभियांत्रिकीचं काम झालं चेंगलपट्टूजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत. तरीही सह्याद्रीतल्या लाल चिखलासाठी केलेली तयारी इथे जशीच्या तशी चालत नाही. इथे चिखलाइतकाच त्रास मिठाचा आणि उन्हाचा आहे. फ्लेअर निवडताना आपण त्याची बाहेरची बाजू बघतो, पण चेन्नईत गाडीचं बरंवाईट त्याच्या आतल्या बाजूला ठरतं.

पट्टीचं काम काय

टायर गाडीच्या अंगाबाहेर आला की तो दगड, वाळू आणि पाणी मागे व बाजूला फेकायला लागतो. दरवाज्याच्या खालच्या कडेचा रंग उडतो, आरसे चिखलाने माखतात, हे आपलं नुकसान झालं. पण ईस्ट कोस्ट रोडवर तुमच्या मागून दुचाकीवर येणाऱ्याच्या तोंडावर जो खडा बसतो, तो तुमच्या उघड्या टायरने उडवलेला असतो. फ्लेअर लावण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. दिसण्याचं कारण त्यानंतर.

किती झाकलं म्हणजे पुरे, याचा एक चांगला मापदंड युरोपातल्या जुन्या चाक-आच्छादनाच्या नियमात सापडतो. चाकाच्या मध्यातून सरळ वर जाणारी रेषा धरली, तर तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या पट्ट्यात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी. मागची बाजू जास्त, कारण दगड मागे उडतात. दुकानात जोड हातात घेतलात की एवढं बघा : पट्टी मागच्या बाजूला पुरेशी खाली येते का? बरेच स्वस्त जोड वरच्या बाजूला झोकदार रुंद असतात आणि मागे उतरताना निमुळते होत जातात. दिसायला छान, पण जिथे गरज तिथेच काही नाही. असा जोड आवडलाच असेल तर त्याच्याबरोबर जाड रबराचे मडफ्लॅपही घ्या.

आणि फ्लेअर काय करत नाही, तेही सांगून टाकतो. तो घासणारा टायर सोडवत नाही. टायर कमानीला, बंपरच्या कोपऱ्याला किंवा आतल्या लाइनरला लागत असेल, तर त्यावरचे उपाय सस्पेन्शन, रिमचा ऑफसेट किंवा पत्रा कापणं हे आहेत. वरून पट्टी चिकटवल्याने आतली जागा वाढत नाही. उलट काही फ्लेअरचे बोल्ट आत निघतात आणि टायरच्या खांद्याला तेच आधी लागतात.

कागदावरचं गणित

टेप हातात घेण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन्सिल घ्या. टायर किती बाहेर येणार हे दोन गोष्टींवर ठरतं : टायरची रुंदी आणि रिमचा ऑफसेट. ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे ते माप. रिमवर ते ‘ईटी’ म्हणून कोरलेलं असतं. टायरच्या रुंदीचं अर्धं करून त्यातून ऑफसेट वजा केला की हबपासून टायरची बाहेरची बाजू किती लांब आहे ते मिळतं.

समजा, सध्याचा टायर २५५ रुंदीचा आणि रिम ईटी ४० चं आहे. १२७.५ वजा ४० म्हणजे ८७.५ मिलिमीटर. आता तुम्हाला २८५ चा टायर आणि ईटी १० चं रिम घालायचं आहे. १४२.५ वजा १० म्हणजे १३२.५. फरक ४५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला टायर साडेचार सेंटिमीटर बाहेर येणार. फ्लेअर टायरच्या फुगवट्यापेक्षा आणखी १० ते १५ मिलिमीटर बाहेर असावा, म्हणजे तुम्हाला सध्याच्या कडेपेक्षा सुमारे ५५ ते ६० मिलिमीटर पुढे येणारी पट्टी लागेल. सध्याचा टायर कडेच्या किती आत आहे तेवढं यातून वजा करा. ओळंबा किंवा दोरीला बांधलेला नट कमानीच्या कडेवरून खाली सोडला की ते अंतर लगेच मोजता येतं. चारही चाकांवर मोजा, कारण पुढची आणि मागची मापं बहुधा सारखी नसतात.

उंचीचं गणित वेगळं करावं लागतं. २०२० च्या थारवर मिळणाऱ्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर. त्याच्या जागी २८५/६५ आर १८ घातला तर व्यास ८२८ च्या आसपास जातो. म्हणजे टायरचा माथा कमानीच्या सुमारे २० मिलिमीटर जवळ आला, आणि स्पीडोमीटरवर १०० दिसत असताना गाडी खरं तर १०५ ने पळणार. व्यास मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा जो अनुभवी लोकांचा आडाखा आहे, तो या उदाहरणात मोडलेला आहे. ब्रेक, गिअर आणि मायलेज या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. मला विचाराल तर चेन्नईत राहून महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येलगिरी, कोल्ली मलै किंवा जवादीच्या डोंगरांकडे जाणाऱ्याला एवढ्या मोठ्या टायरची गरज नाही. मूळ व्यास कायम ठेवून चांगल्या खाचांचा ऑल-टेरेन टायर घेतला तर बहुतेक वेळा कंपनीने दिलेली पट्टीच पुरते, आणि हा लेख तुम्ही इथेच सोडून दिलात तरी चालेल.

पीळ देऊन बघा

सपाट जमिनीवर टायर आणि कमान यांच्यात हात जातो म्हणून खूश होऊ नका. ऑफ-रोडला एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असतं. त्यामुळे फ्लेअर विकत घेण्याआधी, नव्या टायर-रिमवर गाडीला पीळ देऊन बघायचं. एका बाजूचं पुढचं चाक आणि त्याच्या तिरकं असलेलं मागचं चाक लाकडी ओंडक्यांवर किंवा रॅम्पवर चढवा. बाकी चाकं अडवा, हँडब्रेक ओढा. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कुठे लागतो ते बॅटरीच्या उजेडात बघा. जिथे शंका येईल तिथे खडू फासा. घासलं तर खूण उठते.

जिम्नी आणि जुनी जिप्सी यांना पुढे-मागे अखंड ॲक्सल आहे. थार आणि २०२१ पासूनची गुरखा यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड ॲक्सल. अखंड ॲक्सलचं एक चाक वर गेलं की संपूर्ण ॲक्सल तिरका होतो आणि वर गेलेल्या टायरचा माथा आतल्या बाजूला कलतो. म्हणजे उभ्या गाडीत पट्टीच्या सावलीत नीट बसलेला टायर वर जाताना कमानीच्या आत शिरू पाहतो. तो मुळात फार बाहेर असेल तर त्याचा खांदा थेट पत्र्याच्या किंवा पट्टीच्या कडेवर आपटतो. मागच्या चाकांवर हे हमखास बघा.

पुढच्या चाकांचा घोळ वेगळा आहे. ऑफसेट कमी केला की टायर केवळ बाहेर येत नाही. वळताना तो मोठ्या घेरात फिरतो. म्हणून बंपरच्या मागच्या कोपऱ्याला आणि दरवाज्याकडच्या कमानीला तो आधी लागतो. अनेक जण अशा वेळी आणखी रुंद फ्लेअर घेतात. त्यांना खरं तर जास्त ऑफसेटचं रिम हवं असतं, किंवा बंपरचा तो कोपरा छाटायला हवा असतो.

कापून बसवायचे फ्लेअर या ठिकाणी उपयोगी पडतात. त्यात कमानीचा पत्रा आखून कापतात आणि कापलेली कड पट्टी झाकते. जागा खरोखर वाढते. पण मागच्या कमानीत बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे कडेला एकत्र वेल्ड केलेले असतात. ती कड कापली की दोन पत्र्यांच्या मधली फट उघडी पडते आणि पाणी थेट बॉडीच्या पोकळीत जातं. कापल्यावर दोन्ही पत्रे पुन्हा जुळवून वेल्ड करणं, त्यावर झिंक प्रायमर, मग सीम सीलर, मग रंग, एवढं सगळं करणारा कारागीर असेल तरच हा मार्ग धरा. तमिळनाडूत पत्र्याच्या कामाला टिंकरिंग म्हणतात. टिंकरिंगवाल्याला तोंडी सांगून मोकळे होऊ नका. सीलर लावतानाचे फोटो मागा, शक्य असेल तर स्वतः थांबा. एकदा पट्टी वर चढली की आत काय केलंय ते कोणालाच दिसत नाही. गंजविरोधी वॉरंटी कापल्या क्षणी गेली असं धरून चाला.

कोणत्या मालाचा घ्यावा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार भेटतात : एबीएस प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन किंवा त्याच जातीचं रबरासारखं लवचिक प्लास्टिक, आणि फायबर म्हणजे काचतंतू व रेझिन.

एबीएसला आकार नेटका येतो, रंग चांगला धरतो, आणि थारसारख्या गाड्यांसाठी तयार जोडांत तोच जास्त दिसतो. त्याचे शत्रू दोन. एक ऊन, वर चांगला थर नसेल तर एबीएस पांढरट आणि ठिसूळ होतं. दुसरा शत्रू रसायनं, आणि हा फार कमी जणांना माहीत असतो. बोल्ट सैल होऊ नये म्हणून धाग्यावर लावतात ते लॉकिंगचं द्रव एबीएसला लागलं की त्यात बारीक तडे जातात. काही दिवसांनी भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. पेट्रोल आणि थिनरनेही तेच होतं. म्हणून एबीएसच्या पट्टीला लॉकिंगचं द्रव नको, आत नायलॉनची कडी असलेले नट वापरा.

पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचे फ्लेअर लवचिक असतात. झाडाला घासले तर वाकून परत येतात. अंगभूत काळा रंग असेल तर उन्हालाही बऱ्यापैकी टिकतात, कारण त्यातली काजळी ऊन अडवते. यांना रंग द्यायला जाऊ नका. खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही आणि पोपडे उठतात. दाणेदार काळा पृष्ठभाग आहे तसाच ठेवणं हे माझ्या मते चेन्नईसाठी सगळ्यात शहाणपणाचं. गाडीच्या रंगाचे चकचकीत फ्लेअर पहिल्याच काटेरी झुडपात ओरबाडले जातात. वेली काथान, म्हणजे आपली वेडी बाभूळ, चेन्नईच्या भोवती सगळीकडे माजलेली आहे.

फायबर जड आणि ताठ. जोरात आपटलं तर वाकत नाही, फुटतं. पण या किनाऱ्यावर त्याचा एक मोठा फायदा आहे. तमिळनाडूच्या मासेमारांच्या होड्या आता मोठ्या प्रमाणात फायबरच्या असतात, आणि कासिमेडूसारख्या बंदराच्या परिसरात रेझिन-मॅटचं काम कोळून प्यालेले कारागीर आहेत. जिप्सी किंवा जुन्या महिंद्रा जीपसाठी तयार जोड मिळत नसेल तर साचा करून फायबरचे फ्लेअर बनवून घेणं इथे अवघड नाही, आणि तडा गेला तर जोडूनही मिळतो. बनवून घेताना बोल्टाच्या जागी मॅटचे जास्त थर द्यायला सांगा. फायबर नेहमी तिथेच चिरतं.

एग्मोरजवळच्या पुदुपेटला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. कंपनीच्या मूळ पट्ट्या, क्लिपा, लाइनर यांच्यासाठी तिथे फेरी मारायला हरकत नाही. फोर्डने मरैमलै नगरचा कारखाना २०२२ मध्ये बंद केला. तिथे बनलेल्या एन्डेव्हर गाडीचे मालक अशा बाजारावर बरेच अवलंबून असतात. जुना जोड घेताना मागच्या बाजूचे क्लिपांचे कान मोजून बघा. एक जरी तुटलेला असेल तर ती पट्टी वेगात फडफडणार. आणि बिल मागा. बिल द्यायला जो तयार नाही त्याच्याकडचा माल कुठून आला, याची चौकशी पुढे तुमच्या मागे लागू शकते.

बसवताना

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. दुकानदार म्हणतो, तासाभरात करून देतो. तासाभरात स्क्रू मारून होतात. बसवून होत नाही.

आधी कोरडी जुळवणी. कंपनीच्या पट्ट्या असतील तर त्या काढा, क्लिपा फुटणारच म्हणून आधीच जादा घेऊन ठेवा. कमानीची कड आणि तिच्या आतला भाग साबणाने धुऊन, वाळवून बघा. कंपनीच्या पट्टीमागेही कधी कधी ओली वाळू आणि गंजाचे ठिपके निघतात. ते आधी साफ करून प्रायमर मारायचं. मग नवा फ्लेअर मास्किंग टेपने चिकटवून चारही बाजूंनी लांबून बघा. डावी-उजवी उंची एकाच ठिकाणी मोजा. दरवाजा पूर्ण उघडतो का, मागे पेट्रोलची झाकणी उघडते का, पार्किंग सेन्सर झाकला जातो का, हे या टप्प्यावरच कळायला हवं. थारच्या पुढच्या फेंडरवर दिवे आहेत. ते तिरक्या कोनातूनही दिसायला हवेत.

शक्य तिथे कंपनीची मूळ भोकं वापरा. नवं भोक पाडायचंच असेल तर आत वायर आहे का ते बघा. चाकाच्या खोबणीतून ब्रेकच्या सेन्सरची तार जाते. भोक पाडल्यावर खाली पडणारा लोखंडाचा किस चुंबकाने गोळा करा. तो रंगावर राहिला तर एका पावसात तांबडे ठिपके उमटतात. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर हाताने लावा, ब्रशने नाही तर काडीने, पण लावा. तो वाळल्याशिवाय बोल्ट घालू नका. साधे जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू समुद्रकिनारी टिकत नाहीत. स्टेनलेस वापरा, आणि बेसंट नगर, नीलांकरैसारख्या भागात गाडी रात्रभर उभी राहत असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे घ्या. मिठाला ते जास्त तोंड देतात. बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर हवाच, म्हणजे स्टेनलेस आणि उघडा पत्रा एकमेकांना थेट लागत नाहीत.

आता उन्हाचा हिशेब. एक मीटर लांबीची एबीएसची पट्टी ४० अंश तापली की सुमारे ३ मिलिमीटर लांबते. तिच्या मागचा लोखंडी पत्रा तेवढ्याच तापाला अर्धा मिलिमीटर लांबतो. रात्रीची गाडी आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभी केलेली गाडी यांच्यात एवढा फरक सहज पडतो. पट्टी दोन्ही टोकांना करकचून आवळली तर ती लांबणार कुठे? मध्ये फुगते, कडेला उचलली जाते, किंवा भोकापाशी चिरते. म्हणून मधलं भोक गोल ठेवा आणि बाकीची लांबट करा, म्हणजे पट्टी मधून दोन्हीकडे सरकू शकेल. बोल्ट मधून सुरू करून टोकांकडे आवळत जा, हातानेच, आणि पट्टी टेकली की थांबा. इम्पॅक्ट गन इथे अजिबात नको.

फ्लेअर आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची बीडिंग येते. ती नसेल तर पट्टीची कड रंग घासून पत्र्यापर्यंत जाते, कारण मध्ये वाळू अडकते आणि गाडीच्या कंपनाने ती सतत घासत राहते. बीडिंगखाली पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्मची एक पट्टी लावली तर आणखी उत्तम. सिलिकॉन सीलंट लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातलं आम्ल पत्र्याला गंजवतं. न्यूट्रल प्रकारचं किंवा पॉलियुरेथेन घ्या. आणि सीलंट फक्त वरच्या अर्ध्या कडेला. खालची टोकं उघडी राहिली पाहिजेत, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. सगळीकडून बंद केलेला फ्लेअर पाणी आत येऊ देत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तो आत आलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही.

भोकं नको म्हणून काही जण दुहेरी चिकटपट्टीने फ्लेअर लावतात. हलक्या, अरुंद पट्टीला ते चालतं. पण चांगल्या प्रतीच्या फोम टेपलाही पृष्ठभाग साधारण २१ ते ३८ अंशांदरम्यान हवा असतो आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावून लगेच हायवेला निघालेल्या गाडीचा फ्लेअर टिंडीवनमच्या आधी लोंबकळायला लागला तर दोष टेपचा नाही. पहाटे, सावलीत, निम्मं पाणी-निम्मं आयसोप्रोपाइल अल्कोहोल यांनी पुसून लावा, आणि तीन दिवस गाडी धुऊ नका. मोठ्या फ्लेअरला मात्र टेपच्या जोडीला बोल्ट हवेतच.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं, असं स्पष्टीकरण कलमातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ही तरतूद कडकपणे लावली : उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी अशी नोंद चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. बोल्टने बसणारी, पुन्हा काढता येणारी पट्टी ‘मूळ स्वरूप बदलते’ असं म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. पण कापलेली कमान, बाहेर आलेले टायर आणि उंच केलेलं सस्पेन्शन एकत्र आलं की अधिकाऱ्याला वेगळं वाटायला भरपूर कारण मिळतं.

महाराष्ट्राच्या नंबरची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ तमिळनाडूत ठेवायची असेल तर तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि तेव्हा गाडी दाखवावी लागते. ज्यांचं ते काम बाकी आहे त्यांनी फ्लेअरचा कार्यक्रम नोंदणीनंतर ठेवावा. विमा कंपनीला बसवलेल्या सामानाची लेखी माहिती द्या, बिल जोडा. अपघातानंतर सर्व्हेअरने विचारल्यावर सांगण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वाळूबद्दलही एक सांगणं आहे. रुंद टायर आणि फ्लेअर लागले की ईस्ट कोस्ट रोडवरून समुद्राकडे गाडी उतरवण्याचा मोह होतो. तो आवरा. साधारण जानेवारीपासून इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नीलांकरै ते बेसंट नगर या पट्ट्यात विद्यार्थ्यांचं एक जाळं १९८८ पासून रात्री चालत जाऊन त्यांची घरटी राखतं. टायरने दाबलेल्या वाळूतून पिल्लांना वर येता येत नाही. वाळूचा सराव करायचाच असेल तर जमीनमालकाची परवानगी असलेली खासगी जागा शोधा.

पावसाआधी आणि पावसानंतर

बसवल्यावर साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा हाताने तपासा. नवीन बीडिंग दबते आणि बोल्ट किंचित सैल होतात.

चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. त्याआधी सप्टेंबरात एकदा फ्लेअर काढून मागची बाजू धुवायची, गंजाचे ठिपके घासून प्रायमर द्यायचं, फाटलेली बीडिंग बदलायची. डिसेंबर २०१५ चा पूर किंवा डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ ज्यांनी वेळचेरीत किंवा पल्लिकरणैच्या बाजूला काढलं, त्यांना साचलेल्या पाण्यात काय काय तरंगत येतं ते सांगायला नको. अशा पाण्यातून गाडी गेली असेल तर घरी आल्यावर लगेच, चिखल वाळायच्या आत, फ्लेअरच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा फवारा मारा. प्रेशर वॉशरची तोटी बीडिंगच्या कडेवर सरळ धरू नका. ती पाण्याबरोबर वाळू आत ढकलते. खालून वर, चाकाच्या खोबणीतून धुवा.

काळ्या प्लास्टिकला चमक यावी म्हणून दुकानात मिळणारी तेलकट पॉलिश लावू नका. तिच्यावर इथली खारट धूळ आणखी चिकटते. पाण्यात मिसळणारं, ऊन अडवणारं ड्रेसिंग दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरतं.

आणि कंपनीच्या मूळ पट्ट्या, लाइनर आणि निघालेल्या चांगल्या क्लिपा भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून, सपाट, उन्हाबाहेर ठेवा. उभ्या टेकवून ठेवल्या तर आकार सोडतात. गाडी विकताना, दुसऱ्या राज्यात नेताना किंवा तपासणीला उभी करताना त्याच चार पट्ट्या पुन्हा चढवाव्या लागतात, आणि तेव्हा पुदुपेटला डावी मिळते तर उजवी मिळत नाही.